धाकट्या जावेचे पत्ते

माझ्या धाकट्या जावेइतका अभ्यास अख्ख्या तिरोडा तालुक्यात कोणी केला नसेल, आणि तिच्याइतक्या परीक्षाही कोणी चुकवल्या नसतील. एम.ए.चा फॉर्म ती दरवर्षी भरायची आणि पेपरच्या सकाळी ‘तयारी पक्की नाही’ म्हणून घरीच बसायची. उत्तर लिहिताना एक शब्द खोडावा लागला की पूर्ण पान फाडायची. आमच्या चुलीला त्या काळात कागद कधी कमी पडला नाही. सासूबाई विचारायच्या, “कायले फाडून राहिली वं? चांगलं तर लिवलं होतं!” ही डोळे पुसत म्हणायची, “चांगलं नाही आई, बरं होतं.”

मग नागपूरच्या मामेबहिणीनं तिला टॅरोचे, म्हणजे भविष्य पाहायचे चित्रांचे पत्ते दिले. रोज अभ्यासाआधी एक पत्ता काढायचा, चित्र पाहायचं आणि स्वतःला रागावणं थांबवायचं, असा तो उपाय. हिनं त्याचीही परीक्षा करून टाकली. गावाजवळ वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, धूळ फार. म्हणून आधी एकेक पत्ता पुसायचा. पिसताना एखादा पडला की पुन्हा पहिल्यापासून. निघालेला पत्ता ‘मनापासून काढला नाही’ म्हणून परत गड्डीत. ती पुस्तक उघडेपर्यंत आमची जेवणं उरकलेली असायची. एका पत्त्यावर खांद्यावर गाठोडं घेऊन, आभाळाकडे पाहत कड्याच्या टोकाशी पोचलेला पोरगा होता. सासूबाई म्हणाल्या, “पडते आता हा दरेकशाच्या पहाडीवरून, अन् तू याले अभ्यास विचारून राहिली!”

शेवटी दिरानं साफ सांगितलं, हा शेवटचा फॉर्म. पेपरच्या सकाळी नेमका तोच पोरगा निघाला, आणि तोही उलटा, डोकं खाली पाय वर. ही चटईवर रडत बसली. “उलटा पत्ता वाईट असते ताई. मी नाही जात.” गोंदियाची गाडी यायची वेळ झाली होती, समजूत घालायला मला सवड नव्हती. मी तिच्या समोर बसले होते.

“ऊठ, माझ्या बाजूला येऊन बस. आता कसा दिसते?”

“सरळ.”

“मग चपला घाल.”

संध्याकाळी हसतच परतली. “ताई, पहिल्याच पानावर ओळ खोडली. फाडायला गेली तर बाई ओरडल्या, उत्तरपत्रिकेचं पान फाडता येत नाही!”

“मग?”

“मग काय, लिहीत गेली.”

द्वितीय श्रेणीत पास झाली. आता सालेकशाकडे शिकवते. पोरींच्या वह्यांतली खाडाखोड तिला चालते म्हणे. पत्ते इथंच राहिले. धूळ बसते म्हणून मी ते कधीमधी पुसते, आणि हातात आलेच आहेत तर एखादा काढतेही. उलटा निघाला, तर उठते आणि समोर, ती बसायची त्या बाजूला जाऊन बसते.