क्रूझच्या रांगेत आत्याचा नारळ

मंडळी, जहाज सुटायला अर्धा तास आहे. रेंज आहे तोवर लिहून टाकतो, नंतर धीर होणार नाही.

पवनानगरच्या माझ्या आत्याला आज मुंबईहून क्रूझवर घेऊन आलोय. मला लहानाचं मोठं तिनेच केलं.

बंदरावर चेक-इन झालं, मग सामानाची तपासणी. आत्याच्या पिशवीतून निघाला हळदकुंकू लावलेला नारळ! आमच्याकडे धरणात होडी लोटण्याआधी पाण्याला नारळ देतात. हा तर समुद्र, म्हणून तिने चांगला मोठा निवडून आणला होता.

रांगेत हशा पिकला. गार्डने विचारलं, "आजींबरोबर कोण आहे?"

मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

आत्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग गार्डला म्हणाली, "कोन न्हाई सायेब. मी एकलीच हाय."

नारळ जहाजावर चालत नाही म्हणून गार्डने तो तिथेच ठेवून घेतला. ज्यांची नावंही मला माहीत नाहीत, त्या लोकांपुढे मला तिची लाज वाटली.

आता ती डेकवर रिकामे हात जोडून पाण्याला सांगतेय, "माज्या पोराला सांबाळ."

सांगा, तिच्या शेजारी कोणत्या तोंडाने जाऊन उभा राहू?