देवघरातल्या पैशाची आंघोळ

जुनी नाणी जमवणाऱ्यांनी ती धुवावीत की नाहीत, या प्रश्नावर आमचं घर तीन वर्षं दुभंगलं होतं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझ्या थोरल्या वहिनी. थोरले बंधू तटस्थ. विषय निघाला की त्यांना धानाच्या बांधीतलं पाणी आठवायचं आणि ते शेताकडे निघायचे. उन्हाळ्यातसुद्धा.

आधी माझी बाजू सांगतो, कारण लेखणी माझ्या हातात आहे. आता लढाईपायी, तांबं वाचवायला, सरकारने पैशालाच भोक पाडलंय. पण तेव्हा पैसा भरीव होता आणि मी तरुण होतो. नांगराच्या तासात सापडलेला एक जुना तांब्याचा पैसा हाती आला. चिंच, मीठ आणि विटेची भुकटी घेऊन मी त्याच्यावर असा तुटून पडलो की दोन तासांत तो सोन्यासारखा झळकू लागला. नागपूरला एक मास्तर होते, जुन्या नाण्यांचे मोठे जाणकार. ऐटीत त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "बटण छान आहे. कोटाचं का?"

अक्षरं मी घासून खाल्ली होती! मास्तरांनी समजावलं, तांब्यावर चढलेला काळपट थर ही घाण नव्हे, ती नाण्याची कातडी. फारच माती असेल तर साध्या पाण्यात भिजू द्यावं, मऊ फडक्याने टिपावं आणि मग स्वतःचे हात पाठीमागे बांधून बसावं. त्या दिवसापासून, नुकतीच विडी सोडलेल्या माणसासारखा, मी दिसेल त्याला उपदेश करू लागलो.

उपदेश वहिनींपाशी अडला. आमच्या देवघरात लाल फडक्यावर एक जाड, वेडावाकडा तांब्याचा पैसा लक्ष्मी म्हणून बसलेला. गावच्या बोडीतला, म्हणजे लहान तलावातला गाळ काढताना तो आमच्या आईला सापडला होता, आणि जाताना तिने तो थोरल्या सुनेच्या पदरात टाकला. रोज सकाळी वहिनी त्याला ताम्हणात घेत, चिंच लावून अंगठ्याने घासत, पाणी घालत, पुसून गंध लावत. मला हात लावू देत नसत. मी दोन हातांवरून मान वेळावून पाहायचो. कडेला दोन अक्षरांच्या शेपट्या तेवढ्या उरल्या होत्या आणि त्याही दर महिन्याला बारीक होत होत्या. कुणी सांगावं, नागपूरपलीकडच्या देवगडच्या गोंड राजाचं नाणं असेल, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत चिंचेत विरघळत होतं!

"वहिनी, चिंच तरी सोडा."

"काऊन? देवानं आंग धुवू नोये का?"

"पाण्याने धुवा. घासू नका. झिजतंय ते."

"माहे हात बी झिजून राहिले. त्याचं नाई वाटत कोनाले."

"अहो, दोनशे वर्षांचं असेल!"

"मंग तं रोजच घासाले पायजे. दोनशे वर्सांची घान हाये."

मी तोड काढली. मोठ्या मूर्तीच्या वतीने सुपारीला आंघोळ घालतात, तशी इथेही घालावी. वहिनींनी आठ दिवस ऐकलं. नवव्या दिवशी ताम्हण माझ्यापुढे सरकवलं. "तुमची सुपारी फुटली, भाऊजी. आता कोनाले बसवता?"

शेवटी मास्तरांना पत्र घातलं. शेपट्या पार जाण्याआधी जाणत्या माणसाने त्या पाहायला हव्या होत्या. ते सकाळच्या गाडीने तिरोड्याला उतरणार आणि दुपारच्या गाडीने परत जाणार होते. आदल्या दिवशी मी वहिनींना हात जोडले, "एक दिवस, फक्त एक दिवस घासू नका." वहिनींनी मान डोलावली. न भांडता! मला तिथेच शंका यायला हवी होती.

मास्तरांना बैलांच्या रेंगीतून घेऊन आलो, देवघराशी नेलं, आणि पाहतो तो काय! पैसा आरशासारखा चमकत होता. शेपट्या साफ गायब.

"वहिनी!"

"कायले वरडता? पाव्हणा देव पाहाले येऊन राहिला आन् मी घानेरडा देव दाखवू? लोक का म्हनतीन?"

मी भिंतीला टेकून, कपाळाला हात लावून, नाटकात राजे पडतात तसा सावकाश खाली बसलो. मास्तर शांतपणे चष्मा पुसत होते. "मागची बाजू कशी आहे?"

मागची बाजू! तीन वर्षांत मला ती सुचलीच नव्हती.

"मांगची कायची बाजू?" वहिनी म्हणाल्या. "देवाले कोनी पालथं पाडते का? मी तं त्याचं तोंडच घासतो."

मास्तरांचे डोळे चमकले. म्हणजे इतकी वर्षं त्या पाठीला चिंचेचा हातच लागला नव्हता! मी गयावया केली. एकदा, डोळ्याचं पातं लवेपर्यंत उलटा करा.

"तुमालेच पाडू का तोंडावर? पाहा कसं वाटते तं." मग त्यांचा आवाज खाली आला. "सासूबाईनं मरतानी माह्या पदरात टाकलं. म्हने, तोंड वरतं ठेवजो. तुमाले का, तुमाले तं पैसा हाये तो."

 बाहेर रेंगीवाला गाडीच्या वेळेची आठवण देऊ लागला.

मास्तरांनी कोट काढला, घडी घातली आणि सारवलेल्या जमिनीवर सरळ उताणे झाले. "वहिनी, देवाला तोंड वर करूनच धरा. आम्ही खाली जातो."

वहिनींनी क्षणभर विचार केला. यात काही खोट सापडेना. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत पैसा उचलला आणि आडवा धरला. खाली आम्ही दोन ढेरपोटे गृहस्थ, डोक्याला डोकं लावून, एका भिंगात चार डोळे घालून. पैशावरच्या ओल्या गंधाचे थेंब माझ्या डोळ्यात पडत होते. पण काय पाठ होती ती! जांभळासारखी काळी आणि तिच्यावर ठसठशीत उभी अक्षरं. तेवढ्यात थोरले बंधू जेवायला आले, त्यांनी उंबऱ्यातून आत पाहिलं आणि परत शेताकडे गेले.

"फारसी अक्षरं आहेत," मास्तर पडल्यापडल्याच वहीत काढून घेत म्हणाले. "ठसा अर्धा नाण्याबाहेर पडलाय. गोंड राजवटीचा असावा. शपथेवर नाही सांगत."

"का लिवलं हाये?" वहिनींनी वरून विचारलं.

"राजाचं नाव असणार."

फारसी अक्षरं, वर माणसाचं नाव! आता देव देवघराबाहेर जातो की काय! वहिनींनी ओठ मुडपले. "असन. लक्ष्मीच्या पाठीवर कोनाचं ना कोनाचं नाव असतेच." आणि लगेच निकाल दिला, "वरची बाजू माही, खालची तुमची. माह्या बाजूले मी चिंच लावीन. तुमच्या बाजूले बोट लावनार नाई."

मी उताणाच कबूल झालो. मास्तरांची कंबर धरली होती. त्यांना उठवताना माझीही धरली. वहिनींनी देव जागेवर बसवला आणि दोघांच्या हातांवर खोबरं ठेवलं.

"खा," त्या म्हणाल्या. "लोटांगन लई पाह्यले, पर असं उतानं नाई पाह्यलं."