साडूंचा समुद्र

आमच्या थोरल्या साडूंइतका हट्टी माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, हे मी अमरावतीच्या भर बाजारात उभा राहून सांगायला तयार आहे. बैल वाटेत बसला तर लोक त्याला पराणी टोचतात, शेपूट पिरगाळतात. आमचे साडू त्याच्यासमोर धुळीत मांडी घालून बसत आणि म्हणत, "पाहू, कोन आदी उठते." बैलच आधी उठे. जेवायला बसलो की पाहुण्याने नको म्हटलेली भाकरी ते पाहुण्याच्या ताटात वाढत, मग पाहुणा कितीही हात जोडो. मी हे अनेकदा भोगलेलं आहे.

त्यांचं गाव अकोल्याजवळ, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी इतकं खारट, की त्यात डाळ शिजत नसे. प्यायचं पाणी दुसऱ्या गावाहून गाडीवर यायचं. माझी थोरली मेहुणी हिवरखेडची, गोड्या पाण्यावर वाढलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता, आणि गावातल्या बायकांनी त्याचं खापर विहिरीवर फोडलं होतं. खाऱ्या पाण्यात जीव धरत नाही म्हणे! ऐकून ऐकून मेहुणीलाही ते खरं वाटायला लागलं. तिने आपले दागिने एका खणात बांधून नवऱ्यापुढे ठेवले. "तुमी दुसरी करा. हे तिच्यासाठी. मी आखजीले माहेरी गेली का वापस येत नाई." आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींनी माहेरी जायचा सण. साडूंनी ते गाठोडं फडताळात टाकलं आणि म्हणाले, "आखजीपावतो थांब. खाऱ्या पान्यात जीव धरते का नाई, तुले दाखवतो."

ती कापसाच्या तेजीची वर्षं. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला कापूस मिळेना म्हणून आमच्या काळ्या मातीला सोन्याचे दिवस आले होते. साडूंच्या शेजारच्या पाटलाने गाडीच्या चाकांवर चांदीची पट्टी चढवली. साडू मात्र नव्या आगगाडीने, कापसाच्या गठाणींमागोमाग, मुंबईला गेले आणि खाडीतल्या निवट्या घेऊन आले. माठ मांडीवर धरून आले. निवटी हा मासा म्हणायचा, पण तो पाण्याबाहेर येऊन काठावर बसतो आणि डोळे वटारून पाहतो. आमच्या सासूबाईंची आठवण मला पहिल्या नजरेतच झाली, पण ते मी बायकोपाशी कधी बोललो नाही.

अंगणातल्या दगडी कुंडीत विहिरीचं पाणी भरून निवट्या सोडल्या. त्या बाहेर चढत आणि मांजर टपलेलंच असे, म्हणून वर बांबूची जाळी आली. सुतळीने बांधली तर उंदीर कुरतडत, दगड ठेवला तर जाळीच पाण्यात बसे. जाळी कुंडीच्या खुंट्यांना अडकवायला धातूच्या कड्या हव्यात असं ठरलं. साडूंनी तांब्याच्या निवडल्या. देवाचं पाणी तांब्यात, वैद्याचं औषध तांब्यात, मग मासोळीला त्याहून पवित्र काय देणार? वर पुण्य म्हणून तांब्याची एक पळीही कुंडीत ठेवली. कड्या हिरव्या झाल्या, हिरवं पाणी कुंडीत ठिबकलं, आणि बहुतेक निवट्या पोट वर करून तरंगल्या. दोनच उरल्या. मेहुणीने लुगडी घडी करायला घेतली.

दुसरा कोणी असता तर खचला असता. आमच्या साडूंनी ओसरीवर मडक्यांची रांग लावली आणि प्रत्येकात खारं पाणी घालून एकेक धातू बुडवला. येणारा-जाणारा विचारी, "कावून जी, लोनचं घालून राहिले का?" लोखंडाचं पाणी कातासारखं लाल झालं. पितळेने तांब्याचाच कित्ता गिरवला. कल्हई केलेल्या कडीची कल्हई सुटली. चांदी घरात नव्हती, तेव्हा साडू पाटलाच्या चाकावर खारं पाणी ओतत बसले. चाक काळवंडलं, पाटील लाठी घेऊन आला, तर साडू म्हणाले, "पाटील, तुमची चांदी मासोळीच्या कामाची नाई. सांगून ठेवतो." राहिलं सोनं. ते फडताळातल्या गाठोड्यात होतं, आणि त्याला साडू मरतील पण हात लावणार नाहीत.

आखजीच्या आदल्या दिवशी मी बायकोसह दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, घेऊन मेहुणीला न्यायला गेलो. साडू कुंडीपाशी बसले होते, जाळीवर डावा हात दाबून. उजव्या हाताने भाकरी खात होते. आंघोळ कधी केली असेल देव जाणे. मी म्हटलं, "अहो, हे किती दिवस चालणार?"

"मासोळी हाय तोवर," ते म्हणाले. "माह्या हाताले काई जंग चढत नाई, पाव्हणे."

मेहुणी पेटी घेऊन दारात उभी होती. ती बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिली. खारं पाणी लागून लागून बोटांना चिरा पडल्या होत्या. जाळीखाली एक निवटी काठावर चढून तिच्याकडे डोळे वटारत होती. मेहुणी आत गेली, दागिन्यांचा खण घेऊन आली आणि त्याची गाठ सोडली. त्यातून कानातल्या दोन बाळ्या काढल्या, सोन्याच्या. खाली बसून त्या तिने स्वतः जाळीत ओवल्या, कुंडीच्या खुंट्यांना अडकवल्या, आणि नवऱ्याचा हात जाळीवरून उचलला.

"उठा आता. हात धुवा," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "पाव्हणे, बैल सोडा. मी येत नाई."

पुढे कापसाचे भाव कोसळले. पाटलाच्या चाकांची चांदी निघाली. साडूंच्या घरी पाळणा कधीच हलला नाही, आणि दुसरी बायकोही कधी आली नाही. निवट्या गेल्या, मग साडूही गेले. ते गेल्यावर भेटायला गेलो तेव्हा मेहुणी कुंडीत ताजं खारं पाणी भरत होती. आत काहीच नव्हतं. तरी तिने जाळी नीट लावली, दोन्ही बाळ्या अडकवल्या, त्या अजून पिवळ्याधमक होत्या, आणि डावा हात क्षणभर जाळीवर ठेवून ती मला म्हणाली, "बसा, पाव्हणे. जेवून जा." त्या दिवशी तिने वाढलेल्या भाकरीला मी नको म्हणालो नाही.