मधल्या दाराच्या दोन खोल्या

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधी सांगतो. आमच्या घरात कुळकर्णीपणाच्या दप्तरापलीकडं कुणी कधी काही लिहिलं नाही. कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि हैदराबादेत आमचं सगळं शिक्षण उर्दूत चालतं. मराठी घरी बोलतो तेवढीच. तरी लिहितो आहे, कारण जे सांगायला हवं होतं ते जिला सांगायचं तिला सांगितलं नाही. वाचणाऱ्यांनी पदरात घ्यावं.

ती माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. आमच्या बिलोलीकडच्या गावात चौथीपुढं शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी नांदेडात जागा भाड्यानं घेतली आणि आत्या मला रांधून घालायला माझ्याबरोबर राहिली. मी मॅट्रिक झालो तर द्वारकेला जाईन, असं ती देवापुढं बोलली होती. मी पास होऊन कॉलेजात गेलो. पुढच्या वर्षी कापूस बरा आला आणि वडील म्हणाले, "आक्काचा नवस आता राहू द्यायचा न्हाई."

अडचण तिच्या सोवळ्याची होती. परक्याचा हात लागलेलं पाणी ती पीत नसे. आगगाडीनं जायचं तर ठिकठिकाणी गाडी बदलायची आणि दर वेळी गर्दीतून पाण्याची कळशी सांभाळायची. त्यावर लातूरच्या मामांनी तोड काढली.

"मुंबईहून आगबोट जाती. दीड दिवसाचं काम. तिच्यात दोन खोल्या घ्यायच्या, मधून दार असलेल्या. एकीत बायका, एकीत आपण. दार लावलं की आक्काबाईंचं सोवळं साबूत. उघडलं की हाकेला आपण हाजिर."

"पाण्यावर खोली?" आत्यानं विचारलं.

"खोली, खिडकी, सगळं हाय. तुळस तेवढी आपली आपण न्यायची."

आत्या पदराआड हसली. ती अशी हसलेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

कंपनीला इंग्रजीत पत्र लिहायचं काम माझ्याकडं आलं. कॉलेज म्हणजे इंग्रजी, असं आमच्या घरात सगळे धरून चालले होते. इंग्रजी आम्हाला एक विषय होता, आणि त्यात मी कसाबसा निघालो होतो. हे मी घरी सांगितलं नाही. जुन्या पुस्तकातल्या एका अर्जावरून पत्र तयार केलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्तर आलं. नांदेडची जागा आम्ही अजून सोडली नव्हती; वडील आणि मामा तिथल्या ओट्यावर बसले होते, आत्या दाराआड उभी होती. वडिलांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं. मामा मान डोलवत होते.

"म्हंजे काय म्हणून राहिले ते?" वडिलांनी विचारलं.

"मधल्या दाराच्या दोन्ही खोल्या आपल्यासाठी ठेवल्या आहेत." पहिलं वाक्य मला नीट कळलं होतं.

"आन् खाली एवढं लांबलचक?"

"ते असंच. पत्राची रीत असते."

आत्यानं बाहेर येऊन माझ्या हातावर साखर ठेवली.

खालच्या मजकुरात कंपनी आपल्याकडून काहीतरी मागते आहे, एवढं मला जाणवत होतं. काय, ते कळत नव्हतं. संध्याकाळी मी हायस्कुलातल्या इंग्रजीच्या मास्तरांच्या घरापर्यंत गेलो. त्यांच्या वहाणा दाराशी होत्या. ते वडिलांच्या ओळखीचे. मी विचारायला आलो होतो हे दुसऱ्या दिवशी घरी कळलं असतं. मी परत फिरलो.

आत्यानं दुधात भिजवलेल्या दशम्या केल्या आणि गोदावरीचं पाणी कळशीत भरून तोंडाला फडकं बांधलं. आई, आत्या, वडील, मामा आणि मी असे पाच जण मुंबईला गेलो. सकाळी धक्क्यावर कारकुनानं वही उघडून सांगितलं की पुरुषांना एक खोली पुढच्या टोकाला आहे, आणि बायकांना मागच्या बाजूला चौघींच्या खोलीत दोन जागा.

"मधल्या दाराच्या खोल्या ठरल्यात आमच्या," वडील म्हणाले.

"आठ दिवसांत सगळ्यांची नावं कळवा, नाहीतर मिळेल तिथं जागा देऊ, असं लिहिलं होतं. तुमची नावं आलीच नाहीत. पत्र दाखवा."

त्या क्षणी मला पत्राचा खालचा सगळा मजकूर कळला. पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं.

"नांदेडला राहिलं," मी म्हणालो. "असं काही त्यात नव्हतं."

"ऐकलंत?" वडील कारकुनाला म्हणाले. "पोरगा कॉलेजात हाय. तो चुकायचा न्हाई."

मामा म्हणाले, "कंपन्या लबाडच असत्यात." कारकून माझ्याकडं बघत राहिला. मी कळशी उचलली आणि पुढं चाललो.

बायकांच्या खोलीत एक नर्सबाई आणि तिची आई होती. बोट हलू लागली तशी कळशी कलंडायला लागली. नर्सबाईनं झटकन उठून ती धरली, फडकं सुटलं होतं ते नीट बांधलं आणि कोपऱ्यात टेकवून ठेवली. आत्यानं तिला हात जोडले. मग द्वारकेपर्यंत आत्या पाणी प्यायली नाही. मला हे आईनं उतरताना सांगितलं. होडीतून किनाऱ्याला येताना आत्याचे ओठ पांढरे पडले होते.

"उपासच होता माझा," ती म्हणाली. "तुझ्यामुळं समुद्र बघितला रे बाबा."

तेव्हा सांगायचं होतं. वडील पलीकडं कंपनीला शिव्या देत बसले होते.

परतीला आम्ही आगगाडीच धरली. नांदेडला आत्यानं माझा कोट धुतला. नंतर खिसा पाहिला तर पत्र नव्हतं. भिजून गेलं असेल असं मी धरलं, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. कॉलेज सुरू झालं. दिवाळीत गेलो की तिला एकटीला गाठून सांगायचं, असं ठरवलं होतं.

काल वडिलांचं पत्र आलं. आत्या चार दिवसांच्या तापात गेली. तिच्या पोथीच्या रुमालात मुंबईच्या कंपनीचं पत्र घडी करून ठेवलेलं सापडलं. तिनं ते कुणाकडून वाचून घेतलं होतं की नुसतंच जपलं होतं, हे कुणालाच माहीत नाही. वडिलांनी मात्र ते वकीलसाहेबांकडून वाचून घेतलं आहे. आठ दिवसांची मुदत होती, असं त्यांनी लिहिलं आहे. त्यापुढं एवढंच: तीन दिवसांचं सुतक तिथंच पाळ. येण्याची घाई करू नकोस.