आखाजीच्या आभाळातली केरसुणी

"धूमकेतू पाहायचा तर खानदेशात चला," असे नथू पाटील म्हणाला, तेव्हा मी दुसरा विचार केला नाही. पुढे वैशाखाच्या उन्हात भाजून निघालो तेव्हा मात्र दहा वेळा केला. नथू आमच्या शाळेत गणित शिकवतो आणि मी चित्रकला. पंचाहत्तर-शहात्तर वर्षांनी फिरून येणारे हे शेंडेनक्षत्र १९१० च्या उन्हाळ्यात दिसणार, अशी बातमी आल्यापासून मी एक जुनी पितळी दुर्बीण मिळवून ठेवली होती. पण आमच्या साताऱ्यात माझ्या घराच्या पूर्वेला डोंगर आडवा. नथूचे गाव कोरीट, तापीकाठच्या काळ्या सपाट रानातले. "आमच्याकडे आभाळ जमिनीला टेकलेले असते," तो म्हणाला. "शिवाय आखाजी आहे. आमरस आहे." आभाळाने मी निम्मा तयार झालो होतो, उरलेला आमरसाने झालो.

जळगावला गाडी बदलून आम्ही नंदुरबारला उतरलो. उतरताना कोणाची तरी पत्र्याची पेटी माझ्या दुर्बिणीवर आदळली आणि नळीचा सांधा निखळला. माझे तोंड पाहून नथूने मला तडक बाजारात करीमचाचा कलईवाल्यांकडे नेले. चाचांनी नळी उलटीसुलटी करून पाहिली, कथलाने सांधा जोडला, आणि काम बरोबर झाले की नाही म्हणून समोरच्या दुकानाकडे रोखून डोळा लावला.

"मास्तर, जोड तो दिया," ते म्हणाले, "पन दुनिया उलटी दिखती है. सामनेवाला सेठ छतसे लटकेला है."

मी हसून सांगितले, की आकाश पाहण्याची दुर्बीण अशीच असते. तिच्यात सगळे उलटे दिसते. आकाशात वर काय आणि खाली काय, ताऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही.

"तारों को नहीं पडता होगा," चाचा म्हणाले, "आदमी को तो पडता है. बोलो तो एक काच बिठाके सीधी कर दूँ."

परत जाताना पाहू, असे म्हणून मी नळी उचलली.

कोरीटला पोचलो तेव्हा नथूच्या आईने हातपाय धुवायला पाणी दिले, थंड ताक दिले, आणि पदर डोळ्यांना लावला. दारातल्या निंबाला नवा दोर बांधलेला झोका टांगला होता. त्यावर कोणी बसलेले नव्हते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पण खानदेशात तो लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, मनसोक्त जेवतात. त्यातही लग्नानंतरची पहिली आखाजी कोणी चुकवत नाही. नथूची धाकटी बहीण तुळसा हिचे लग्न गेल्याच वर्षी झाले होते. सासर तापीपलीकडे, तळोद्याच्या वाटेवर. आणि तिकडून निरोप आला होता, की यंदा पोरीला धाडणार नाही.

"त्या शेपटीवाला ताराना मारे नही धाडतस," आई म्हणाली. "आते हाऊ झोका काय मी लेऊ? नथू, तू सोता जाय. तिले लिसनच ये."

माहेरून बोलवायला जाणाऱ्याला मुऱ्हाळी म्हणतात. नथू मुऱ्हाळी म्हणून निघाला, आणि त्याच्याबरोबर मी व माझी दुर्बीण.

उन्हामुळे इकडे प्रवास पहाटेचाच. तीन वाजता नथूने दमणी (वर छत असलेली हलकी बैलगाडी) जुंपली. आमचे तोंड वायव्येला, म्हणून मी गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून पूर्वेकडे पाहत बसलो. अवस नुकतीच होऊन गेली होती, काळोख दाट होता. शेताच्या कडेची बाभूळ मागे सरकली आणि तो दिसला. खाली, क्षितिजापासून हातभर वर, डोके. शेजारी शुक्र झगमगत होता. आणि डोक्यापासून वर, पार माथ्याच्या दिशेने, रुंद होत गेलेले शेपूट. ओल्या कागदावर पांढऱ्या रंगाचा कुंचला एकदाच खालून वर ओढावा तसे. वर्षानुवर्षे पोरांना रंग पातळ कसा करावा ते शिकवतो आहे. इतका पातळ रंग मला कधी साधला नाही. मला रडू आले, आणि ते नथूला दिसत नाही याचे बरे वाटले.

तापी उन्हाळ्यात अंग चोरून वाहते. पाण्याहून वाळू जास्त, आणि वाळूत डांगरांच्या (खरबुजांच्या) वाड्या. मधल्या धारेत गाडीचे चाक रुतले. मी उतरून जोर लावला. गाडी निघाली, पण माझा डाव्या पायाचा जोडा तापीमाईने ठेवून घेतला. "एक पाय अनवाणी, म्हणजे निम्मी यात्रा झाली," नथू म्हणाला. उजाडले तेव्हा उत्तरेला सातपुडा निळा होऊन उभा होता आणि मी लंगडत होतो.

तुळसाच्या सासूने, भागाबाईंनी, आमचे चांगले स्वागत केले. कळण्याची (उडीद मिसळलेल्या ज्वारीची) भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, दही, कांदा. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढले तरी मी तिसरी भाकर मागून घेतली. भागाबाईंना वैधव्य येऊन बरीच वर्षे झाली होती. घरातला शब्द त्यांच्या थोरल्या दिरांचा, बुधा पाटलांचा; तुळसाचा नवराही त्याबाहेर नव्हता. इकडच्या रीतीप्रमाणे भागाबाई त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर ओढून उभ्या राहत आणि त्यांच्याशी थेट बोलत नसत. सांगायचे ते तिसऱ्याला सांगत, आणि तीन हातांवर बसलेले बुधा पाटील ते ऐकत. त्यांचे उत्तरही तिसऱ्यालाच.

बुधा पाटलांनी नथूला समजावले. सुनेने माहेरी जायचे तर शुक्र समोर नसावा. तुमचे गाव आग्नेयेला, पहाटे निघालात की शुक्र समोर. "तो एकला ऱ्हाता तरी मी इचार करता," ते म्हणाले. "पन त्यानाजोडे हाई शेंडेनक्षत्र! तिकडे इलायतना बादशहा गया. देखं ना? कसी उलटी झाडनी टांगेल शे ती."

झाडनी म्हणजे केरसुणी. सगळे गाव त्या धूमकेतूला आभाळातली केरसुणी म्हणत होते, आणि मूठ खाली, फडा वर, अशी उलटी केरसुणी घरात दिसली तर लक्ष्मी निघून जाते, हे मलाही माझ्या आईने शिकवले होते. तरी मी घसा साफ करून पृथ्वी, सूर्य आणि धूमकेतूची वाट यांवर व्याख्यान दिले. चांगले झाले ते. बुधा पाटलांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "मास्तर, तुमनं ज्ञान मोठं शे. पन पोर आमनी शे."

मी पाहिले, आतल्या दाराआड तुळसा उभी होती. पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिच्या पायाशी गाठोडे बांधून तयार होते. ते तिने सोडले नव्हते आणि उचललेही नव्हते. मला माझ्या व्याख्यानाची लाज वाटली.

"निदान एकदा नळीतून पाहा तरी," मी म्हणालो. "जवळून पाहिले की भीती जाते."

"मी नळीले डोया लावाव नही," बुधा पाटील म्हणाले.

पदराआडून भागाबाईंचा आवाज आला, "नथूभाऊ, त्यास्ले सांगा, मी लावसू."

उन्हे उतरल्यावर मी अंगणात तिपाईवर दुर्बीण चढवून ठेवली. भागाबाई अंगण झाडत होत्या. त्यांनी तिपाईभोवतीचेही झाडून घेतले, नळीवरची धूळ पदराने पुसली. मी आत जाऊन आडवा झालो.

पहाटे सगळे अंगणात जमले. मी नळी धूमकेतूच्या डोक्यावर रोखली आणि बाजूला झालो. आता डोळा लावायचा तर भागाबाईंना पदर वर करावा लागणार. तसे त्यांनी करताच बुधा पाटलांनी मर्यादा म्हणून चटकन पाठ फिरवली. म्हणजे घराचा कारभारी पश्चिमेला तोंड करून उभा, आणि आकाशातला निकाल त्याच्या पाठीमागे लागत होता.

भागाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी पदर खाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नथूभाऊ, सांगा त्यास्ले. झाडनी सिधी शे. मूठ वर, फडा खाले. लक्ष्मी आंगन झाडी ऱ्हायनी."

करीमचाचांच्या समोरचा, छताला लटकलेला शेठ डोळ्यांसमोर आला. मी बोलायला तोंड उघडले, तोच नथूने माझ्या अनवाण्या पायावर आपला जोडा असा ठेवला की मी ते पुन्हा मिटले.

बुधा पाटील वळले. त्यांनी आकाशाकडे पाहिले. तिथे केरसुणी होती तशीच उलटी. नळीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमनी नळी खोटं दखाडस का?"

आयुष्यभर पोरांना सांगत आलो, की जसे दिसते तसेच काढा, आपल्या पदरचे घालू नका. आता सगळे अंगण माझ्याकडे पाहत होते. दारात तुळसाने गाठोडे उचलून पोटाशी धरले होते.

"नळी आपल्या पदरचे काही घालत नाही, बाबा," मी म्हणालो. "जे समोर असते तेच तिच्यात येते."

ह्यात खोटा शब्द एक नव्हता, आणि खरेपणाही फारसा नव्हता. बुधा पाटलांनी थोडा वेळ मिशी चाचपली. मग नथूला म्हणाले, "मंग लयी जा. पन पोरले पाठमोरी बसाडा. शुक्र शुक्रच शे."

त्यांनी मन बदलायच्या आत आम्ही निघालो. तुळसा दमणीत मागे तोंड करून बसली, पाठ आग्नेयेला. तापीपर्यंत ती आज्ञेत राहिली. वाळूत उतरल्यावर, सासरचे गाव दिसेनासे झाले, तेव्हा तिने हळूच मान वळवली. पूर्व पांढरी होऊ लागली होती. डोके फिकटले होते, शेपूट अजून होते.

"बाई वं!" ती म्हणाली. "इतलं भारी शे, आन तठे सगळा दार लावी बसतस?"

मग ती पाठमोरी बसलीच नाही. माझा जोडा मात्र तापीने परत दिला नाही.

कोरीटच्या आखाजीबद्दल लिहायचे तर माझी लेखणी आमरसात बुडवावी लागेल. खापरावर (उलट्या मातीच्या कढईवर) केलेली पुरणपोळी चादरीएवढी, हातावर फिरवून मोठी करतात. मी तशी एक करून पाहण्याचा आग्रह धरला. ती माझ्या कोपरावर फाटली, आणि बायका दोन दिवस हसत होत्या. पूर्वजांसाठी घागर भरली, तिच्यावर डांगर ठेवले. झोका उभ्या दिवसात रिकामा राहिला नाही. नथूची आई झोक्याकडे पाहत पोळ्या करी, आणि एकही करपत नसे. मला फार सुख वाटत होते, त्यातला एक बारीक खडा तेवढा टोचत राहिला: अंगण भरून बायामाणसांना मी फसवले होते.

दहा-बारा दिवसांनी तुळसाला पोचवायला गेलो. तोवर धूमकेतू सूर्यासमोरून सरकून पलीकडे गेला होता आणि दिवेलागणीनंतर पश्चिमेला दिसे. तुळसा आत गेली. बुधा पाटील शेतावरून यायचे होते. भागाबाई ओट्यावर एकट्या पाहून मी धीर केला.

"मावशी, एक सांगायचे राहिले," मी म्हणालो. "त्या नळीत सगळे उलटे दिसते. तुम्हाला केरसुणी सरळ दिसली ती त्यामुळे. मी तेव्हाच सांगायला हवे होते."

भागाबाईंनी माझ्यासाठी डांगर कापायला घेतले होते. सुरी थांबली नाही.

"माले ठाऊक शे, मास्तर," त्या म्हणाल्या. "आंगन झाडतांना मी ती नळी समोरना निंबवर लायेल व्हती. शेंडा खाले, बुंधा वर. तव्हय समजनं."

मी विचारले, "मग तरी...?"

"मन्ही पहिली आखाजी शुक्रनी खाई टाकी," त्या म्हणाल्या. "मोठासनी धाडं नही. दुसरी येवाना पहिले मन्ही माय गयी." त्यांनी बिया बाजूला काढल्या आणि मोठी फोड माझ्या हातावर ठेवली. "खा. गोड शे."

खरेच गोड होती. आतून तुळसाचे हसणे ऐकू येत होते. माहेरच्या गोष्टी सांगत असावी, त्यात माझी फाटलेली पोळीही असणार. वाटेवरून बुधा पाटील येताना दिसले, तशा भागाबाईंनी डोक्यावरून पदर ओढला आणि पुन्हा गप्प झाल्या.

परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून नंदुरबारच्या बाजारात करीमचाचांना सलाम करायला गेलो. नवे जोडे पाहून त्यांनी विचारपूस केली. मग दुर्बीण हातात घेऊन सांधा दाबून पाहिला, पक्का होता.

"क्यूँ मास्तर," ते म्हणाले, "काच बिठाके सीधी कर दूँ?"

"नको चाचा," मी म्हणालो. "तशीच राहू द्या."