बंद न झालेली वाट

कचेरीत तिला सगळे 'पुरावेवाली' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडतही असे. कामच तसं होतं: गणितातल्या सिद्धता आपण होऊन शोधणारा प्रोग्राम लिहायचा. तोही नुसतं खरं-खोटं जाणणारा नव्हे. तिच्या तर्कशास्त्रात या दोहोंच्या मध्ये आणखी एक किंमत होती, तिला ती लाडानं 'मधली' म्हणे. घरचे चिडवत, हिला दोन लेकी, एक पोटची आणि एक संगणकातली.

तर या बाईच्या प्रोग्रामनं सोमवारी सकाळी दिवे लावले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं प्रोग्रामला सहज सांगितलं, 'कुठलंही विधान एकतर खरं असतं, नाहीतर त्याचा नकार खरा असतो, हे सिद्ध कर.' मधली असलेल्या जगात हे टिकणं शक्यच नाही. प्रोग्रामनं मात्र क्षणात 'सिद्ध' म्हणून सांगून टाकलं.

"मधलीलाच विसरलात की बाई!" सहकारी हसून हसून बेजार झाला.

प्रोग्रामची रीत अशी: विधान खरं नाही असं धरून चालायचं, आणि प्रत्येक वाट विसंगतीवर आपटून बंद पडते का ते बघायचं. 'खरं नाही' म्हणजे दोन वाटा, एक खोट्याची, एक मधलीची. मागे कोड आटोपशीर करताना तिची जुनी सवय आडवी आली होती: खरं नाही म्हणजे खोटंच. खोट्याची वाट बंद झाली की प्रोग्राम खूश होऊन थांबायचा, आणि मधलीची वाट सताड उघडी राहायची.

तिनं चूक दुरुस्त केली, आणि हात तसाच थबकला. तिला बाबा आठवले.

आई गेल्यापासून बाबा आपल्या चष्म्याच्या दुकानावरच्या खोल्यांत एकटे राहत. "आमच्याकडे या कायमचे," ती म्हणाली होती. बाबा म्हणाले, "नाही कशाला म्हणू?" एवढ्यावर हिनं खोली रंगवून घेतली आणि रविवारची सामानाची गाडीही ठरवली. नाही म्हणाले नाहीत ना, झालं, सिद्ध! जन्मभर मधलीची वकिली केली, आणि स्वतःच्या बापाला मात्र दोनच किमतींत बसवलं. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. बाबा भिडेखातर आपलं घर सोडून येतील आणि कधी चकार शब्द काढणार नाहीत.

संध्याकाळी ती दुकानात गेली, तेव्हा बाबा डोळे तपासायची भिंगं कागदात गुंडाळत होते. तिनं त्यांना हाताला धरून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं.

"हे काय गं?"

"भिंगं बदलताना तुम्ही गिऱ्हाइकाला विचारता, तोच प्रश्न विचारते. माझ्याकडचं बरं, की इथलं बरं?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. पुसायला फार वेळ लावला.

"सारखंच वाटतंय गं. तुझ्याकडे यावंसं वाटतं. पण सकाळी उठलं की खाली येऊन हे शटर उघडावंसंही वाटतं. तू एवढी हौसेनं खोली रंगवलीस, मग तोंडच उघडेना."

"गिऱ्हाईक 'सारखंच' म्हणालं की तुम्ही काय करता?"

"काय करणार? सांगतो, बसा जरा. डोळ्यांना वेळ लागतो."

तिनं तिथल्या तिथे फोन लावून गाडी रद्द केली. मग सकाळची प्रोग्रामची आणि मधलीची फजिती त्यांना सांगितली.

"मग तुझ्या त्या मशीनमध्ये मी कोण?"

"मधली."

"म्हणजे खोटं तर नाही ना?"

"नाही हो बाबा. तिचा हक्क खऱ्याइतकाच."

बाबांचा चेहरा सैल झाला. चष्मा चढवून ते उठले आणि कागदातली भिंगं सोडवून पुन्हा खणात लावू लागले. आपला बाप इतका मोकळा तिनं आई गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहिला.

"एक मात्र कर," पाठमोरेच ते म्हणाले. "तुझ्या घराची एक किल्ली मला देऊन ठेव."