दोन काड्यांच्या बाई

माझ्या पोटच्या लेकीची डावी भुवई मी जाळली, आणि तीही तिच्या भल्यासाठी. आता लोक मला "आजी, तुम्ही किती समजूतदार" असं म्हणतात, तेव्हा मला ती भुवई आठवते. त्या वेळी मी तिशीतली होते. अंगात रग होती, डोक्यात फारसं काही नव्हतं, आणि पंचक्रोशीत आपल्याइतकी हुशार बाई नाही असं माझं अगदी प्रामाणिक मत होतं. ती तेव्हाची बया आज समोर आली तर आधी तिचे कान उपटीन, मग चहा पाजीन.

ही फजिती ज्यांच्या डोळ्यांदेखत झाली, त्या आमच्या शाळेतल्या स्काऊट-गाईडच्या बाई. सगळं गाव त्यांना 'दोन काड्यांच्या बाई' म्हणायचं. गाईडच्या परीक्षेत मुलीनं उघड्यावर चूल पेटवायची असते आणि त्यासाठी काड्या मिळतात दोनच. तिसरी मागितली की नापास. बाईंच्या निळ्या साडीच्या कमरेला कायम एक काडेपेटी खोचलेली, आणि तिच्यात दोनच काड्या. घरचा स्टोव्हसुद्धा त्या दोन काड्यांतच पेटवत. एकदा दोन्ही विझल्या, तर बाई चहा न घेताच शाळेत आल्या होत्या. "पोरींना एक नियम आन मला एक, असं कसं चालंल?" म्हणाल्या.

परभणी जिल्ह्यात, पेडगावच्या पुढं आमचं गाव. तिथं मुलींनी गळ्यात स्कार्फ घालून शिट्टीवर चालायचं, हेच पुष्कळांना पचत नव्हतं. त्यात बाईंनी पोखर्णीला, नृसिंहाच्या देवळाजवळच्या आमराईत, तीन दिवसांचं शिबिर ठरवलं. संस्थेचे अध्यक्ष शाळेत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, पोरींना रानात कशाला न्यायलात? काही झालं म्हणजे?"

बाईंनी मान वर केली नाही. दोरीची गाठ मारता मारता म्हणाल्या, "साहेब, याच पोरी कापूस वेचायला रानात जातात. तवा कुणी इचारत न्हाई."

अध्यक्ष हे विसरले नाहीत.

बाईंना एकट्यानं शिबिर झेपणार नव्हतं. मग त्या घरोघर फिरल्या. वर्गणी मागायला आल्या असतील म्हणून बायका आधीच तोंड वाकडं करून बसायच्या. बाई म्हणायच्या, "पैसा नको मला. तुमचा शनिवार द्या." आणि पुढचा प्रश्न ठरलेला: "तुमाला काय येतंय?" किराणा दुकानातले अप्पा म्हणाले, "मला पुड्या बांधायला आन पोती शिवायला येतंय." ते मुलींना गाठी शिकवायला यायला लागले. माझ्या सासूबाई फणकारल्या, "मला म्हातारीला काय येतंय? सारवायला येतंय." बाई म्हणाल्या, "मग चला की! तंबूपुढचं अंगण कोण सारवणार?" आणि आमच्या सासूबाई, ज्या मला माहेरीसुद्धा जाऊ द्यायच्या नाहीत, त्या पोरींना शेणाचा हात कसा फिरवायचा ते दाखवायला ऐटीत गेल्या.

मग बाई माझ्याकडं वळल्या. "वैशालीच्या आई, तुमाला काय येतंय?"

"मला सगळंच येतंय," मी म्हणाले.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आसं का? मग तुमी पाणी भरा."

एवढा अपमान माझा लग्नात मानपानाच्या वेळीही झाला नव्हता. माझ्या हातची आमटी खायला सोनपेठहून पाहुणे यायचे, आणि मी पाणी भरायचं! मी मनाशी ठरवलं, दाखवतेच यांना. माझी वैशाली आठवीत होती, आपल्या संघाची नायिका होती आणि चुलीची परीक्षा शिबिरातच व्हायची होती. मी पऱ्हाट्यांची, कापसाच्या वाळल्या काड्यांची, एक जुडी घेतली, बादलीत रॉकेल ओतलं आणि दिवसभर लोणच्यासारखी मुरवली. वास येऊ नये म्हणून जुडीला प्लास्टिक गुंडाळलं, त्यावर गोणपाट. काय ती हिकमत! पाण्याच्या खेपा घालता घालता, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, लेकीच्या सरपणावर तीच जुडी ठेवून आले.

वैशालीनं घाईघाईत जुडी सोडून पऱ्हाट्या चुलीत सारल्या, वाकून पहिली काडी ओढली आणि भप्पकन जाळ तिच्या तोंडापर्यंत आला. बाई कुठून धावल्या कळलं नाही. एका हातानं त्यांनी पोरीला मागं ओढलं, दुसऱ्या हातानं वाळूची बादली चुलीवर उपडी केली. "डोळा दाखव. भाजलं का?" भुवई गेली होती, वेणीचं टोक करपलं होतं, डोळा वाचला. मग बाईंनी एक पऱ्हाटी उचलून नाकाशी नेली आणि विचारलं, "हे सरपण कुणी आणलं?"

मी हातात घागर घेऊन उभी होते.

"मी आणलं, बाई," वैशाली म्हणाली.

जुडीवरचं गोणपाट आमच्याच घरचं, हे तिनं ओळखलं होतं. बाईंनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना सांगितलं, "नापास लिहा." बस. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. अध्यक्षांना हवंच होतं ते. त्यांनी पालकांची सभा बोलावली आणि जाहीर केलं, "एक पोरगी मरता मरता वाचली. बाईंचं लक्ष न्हाई. गाईड बंद." बाई उभ्या होत्या. काम माझं, हे त्यांनी ओळखलं होतं; माझं नाव सांगून त्या सुटल्या असत्या. पण त्या एवढंच म्हणाल्या, "शिबिर माझं होतं. जिम्मेदारी माझी."

आता मात्र मला बसवेना. मी उठले. शेजारी सासूबाई, समोर आमचे मालक, मागं सगळं गाव. "रॉकेल मी लावलं," मी म्हणाले. "बाईंनी न्हाई, पोरीनं न्हाई. तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. काय बोलायचं ते मला बोला. पण एका येड्या आईपायी चोवीस पोरींचं गाईड बंद करणार असाल, तर मी शाळेच्या दारात बसते. उठवून दाखवा."

"मी बी बसते," सासूबाई म्हणाल्या. मी दचकून पाहिलं. त्यांनी पदर खोचलेला होता. त्यांच्या मागं अप्पा उठले, मग आणखी दोन बायका.

अध्यक्ष चतुर माणूस. म्हणाले, "ठीक हाय. पोरींची परीक्षा शाळेच्या मैदानावर परत घ्या, माझ्यासमोर. कुण्या आईनं नुसतं बोट जरी लावलं, तर त्याच दिवशी गाईड बंद."

शनिवार उजाडला तो सुटलेला वारा घेऊनच. बाईंनी सगळ्या आयांना खडूच्या रेषेमागं उभं केलं. "हात पाठीमागं. बघायचं. बघणं बी मदतच हाय." इतर संघांच्या चुली पेटल्या. वैशाली शेवटची. तिनं खाली तुरीच्या तुराट्या जाड लावल्या होत्या, त्या लवकर धरणार नाहीत, ते मला लांबूनच दिसलं. पहिली काडी वाऱ्यानं नेली. माझी बोटं पाठीमागं एकमेकांत रुतली. दुसरी लागली, धूर आला, जरा उजेड दिसला, आणि तोही गेला. पोरगी चुलीपुढं बसून राहिली. भुवईच्या जागी नुसती रेघ, खाली डोळे भरलेले.

अध्यक्ष खुर्चीतून माझ्याकडं वळले. किती गोड आवाज काढला होता! "आहो, आई ना तुमी? लेकरू रडायलंय. द्या एक काडी, कोण बघायलंय?"

त्या क्षणी मी रेषा ओलांडली असती, तर शिट्टी, स्कार्फ, आमराई, सगळं तिथंच संपलं असतं. आणि खरं सांगते, पाय उचलला होता मी. तो तसाच खाली ठेवला.

"चूल तिची हाय, साहेब," मी म्हणाले. "नापास झाली तर झाली. फुडच्या शनिवारी परत पेटवील. तुमी बी या बघायला."

ते पुन्हा आले नाहीत. गाईड मात्र चालू राहिलं. वैशालीची चूल तिसऱ्या शनिवारी पेटली, आणि तिनं केलेली खिचडी इतकी खारट होती की सासूबाईंनीसुद्धा ती ताटातच सोडली.

निवृत्तीनंतर बाई सोनपेठला भावाकडं राहायला गेल्या. मी एसटीनं जाऊन भेटायचे. शेवटी खाटेवरून उठवत नव्हतं, तरी विचारायच्या, "आता पाणी कोण भरतंय?" त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. वैशालीची मुलगी परभणीत गाईडला आहे. तिथल्या आया टेबल मांडून मुलींचे तक्ते स्वतः रंगवतात, त्यांच्या गाठी स्वतः आवळतात, आणि मी तिथं जाऊन त्यांना खडूची रेषा आखून मागं उभं करते. म्हातारी आगाऊ आहे म्हणतात. म्हणू द्या. गुडघे दुखतात, तरी कळशी मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

त्या वाऱ्याच्या शनिवारी मैदान रिकामं झालं, तरी मी रेषेमागं तशीच उभी होते. बाई जवळ आल्या. आता शाबासकी मिळणार म्हणून मी मान जरा वर केली. बाईंनी मागं जाऊन माझे हात पाहिले आणि म्हणाल्या, "सोडा आता, बोटं पांढरी पडलीत. आन फुडच्या शनिवारी लवकर या, आज तुमी पाणी कमी भरलंय."